दुसऱ्याच्या डोळ्यांतला उजेड: शिरूर–दौंडच्या वाटेवरून हेडलाइटचा इतिहास

१/ ३१ डिसेंबर १८१७. रात्री आठच्या सुमारास कॅप्टन स्टॉन्टनच्या हाताखालील कंपनी सरकारची तुकडी शिरूरच्या छावणीतून पुण्याच्या दिशेने निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ती भीमेच्या काठी, कोरेगावाजवळ पोहोचली. पुढे जे घडले ते इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. लढाईची चर्चा नेहमी होते, त्या रात्रीच्या वाटचालीची क्वचितच. सुमारे ४० किलोमीटरचे अंतर कापण्यास पायदळ, घोडेस्वार आणि दोन तोफा यांना जवळजवळ १४ तास लागले. ताशी सरासरी ३ किलोमीटर, हा त्या रात्रीचा वेग होता.

२/ आज त्याच मार्गावरून मोटार पाऊण तासात जाते. रस्ता बदलला, वाहन बदलले, गावाबाहेरचा काळोख मात्र तोच राहिला. चालणाऱ्या माणसाला चार पावलांपुढचे दिसले तरी पुरते. ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या मोटारीचा चालक अडथळा दिसल्यापासून थांबेपर्यंत ४५ ते ५० मीटर पुढे गेलेला असतो. तेवढे अंतर आधी दिसलेच पाहिजे. या ५० मीटरांसाठी गेली सव्वाशे वर्षे जी धडपड चालली, तिचा हा धागा. जुन्या गाडीला नवे दिवे बसवू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या हातात या इतिहासाचे शेवटचे टोक असते.

३/ मोटारीपूर्वी रात्रीच्या प्रवासात दोन प्रकारचे दिवे होते. पालखीपुढे मशालजी धावत असे. त्याची मशाल वाट दाखवण्यासाठी. बैलगाडीच्या आसाखाली कंदील लोंबत असे. तो मुख्यतः गाडी इतरांना दिसावी म्हणून. बैलांना वाट माहीत असे, गाडीवान पुष्कळदा डुलक्या घेत असे. ‘पाहण्यासाठी दिवा’ आणि ‘दिसण्यासाठी दिवा’ हा भेद येथे पहिल्यांदा लक्षात येतो. पुढची सारी गुंतागुंत हे दोन हेतू एकाच दिव्यात कोंबल्यामुळे झाली.

४/ दौंडची कथा या बाबतीत वेगळी आहे. १८५८ मध्ये पुण्याहून दौंडमार्गे दिकसळपर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि १८७८ मध्ये दौंड–मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड जंक्शन झाले. वाफेच्या इंजिनांच्या आरंभीच्या काळात पुढचे तेलाचे दिवे मुख्यतः गाडीची खूण म्हणून असत. रुळांवर वाट शोधावी लागत नाही. पुढचा मार्ग मोकळा आहे की नाही हे सिग्नल सांगतो. एका रुळावर समोरून दुसरी गाडी येऊ न देणे हीच रेल्वेची सारी व्यवस्था. रस्त्यावर ही चैन नव्हती. तेथे समोरून कोणीतरी नेहमीच येणार होते.

५/ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोटार आली तेव्हा तिने घोडागाडीचेच दिवे उसने घेतले: मेणबत्ती आणि रॉकेल. ते अपुरे ठरताच कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो आणि तो शुभ्र, प्रखर ज्योतीने जळतो. मात्र दिवा लावण्यासाठी चालकाला खाली उतरावे लागे, पाण्याची तोटी उघडावी लागे, वायू येईपर्यंत थांबावे लागे आणि मग काडी ओढावी लागे. समोरून कोणी आले म्हणून हा दिवा क्षणात मंद करता येत नसे.

६/ विजेचा दिवा याच काळात मोटारीवर दिसू लागला. १८९८ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया या विजेवर चालणाऱ्या गाडीवर तो होता. परंतु आरंभीच्या तारा रस्त्यावरील हादऱ्यांनी तुटत आणि पेट्रोलच्या गाडीत वीज निर्माण करण्याची सोयही धड नसे. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर, दिवे आणि त्यांना वीज पुरवणारी यंत्रणा एकत्र बसवली, आणि दिवा हा गाडीच्या विद्युत्‌व्यवस्थेचा भाग झाला. याचा अर्थ पुढे फार महत्त्वाचा ठरला. दिव्याचे तेज यापुढे केवळ दिव्यावर अवलंबून नव्हते. ते डायनॅमो, बॅटरी आणि मधल्या तारांवरही अवलंबून होते.

७/ दिवे प्रखर झाले आणि नवे भांडण उभे राहिले. एकाला दिसावे म्हणून लावलेल्या दिव्याने दुसरा आंधळा होऊ लागला. त्यावर निरनिराळे उपाय झाले. कोणी दिवा यांत्रिक दांड्याने खाली झुकवला. अनेक ब्रिटिश गाड्यांत कळ दाबताच एक दिवा विझे आणि दुसऱ्याचा परावर्तक कडेला झुके. टिकाऊ उत्तर १९२० च्या दशकाच्या मध्यास मिळाले: एकाच बल्बमध्ये दोन तारा, एक दूरवर पाहण्यासाठी आणि दुसरी खाली प्रकाश टाकण्यासाठी. आपले चालक ज्याला ‘अप्पर-डिपर’ म्हणतात, त्याचा जन्म येथे झाला.

८/ आता पुन्हा शिरूरच्या रस्त्यावर येऊ. १ जून १९४८ रोजी मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली बस अहमदनगरहून (आजचे अहिल्यानगर) पुण्यास निघाली. तीस आसनांची बेडफर्ड गाडी, लाकडी सांगाडा, काथ्याच्या गाद्या. आज ज्या एसटीला गावोगाव ‘लालपरी’ म्हणतात, तिचा आरंभ शिरूरवरून जाणाऱ्या या मार्गावर झाला. पहिली फेरी दिवसाची होती. सेवा वाढली तशी मुक्कामाची गाडी आली, रातराणी आली आणि काळोखात या रस्त्यांवरून गाडी हाकणे हा हजारो चालकांचा रोजचा उद्योग झाला.

९/ रात्रीच्या रस्त्याचा अलिखित कायदा या चालकांनी आणि ट्रकवाल्यांनी घडवला. ट्रकच्या मागे रंगवलेले ‘हॉर्न ओके प्लीज’ सर्वांना आठवते. त्याच्याच शेजारचे ‘यूज डिपर ॲट नाइट’ हे वाक्य अधिक गंभीर आहे. समोरची गाडी दिसताच आपण डिपर द्यायचा, त्याने दिला नाही तर एकदा अप्पर मारून आठवण द्यायची. यात कोणी शिपाई नसतो, दंड नसतो. दोन अनोळखी माणसे काही सेकंदांसाठी एकमेकांच्या भल्याचा करार करतात आणि काळोखात निघून जातात.

१०/ यंत्राच्या इतिहासातील पुढचा टप्पा अमेरिकेत आला. १९४० च्या नमुन्यांपासून तेथे ‘सील्ड बीम’ रूढ झाला: काच, परावर्तक आणि तार एकाच बंद गोळ्यात, व्यास ७ इंच, सर्व गाड्यांना एकच माप. धूळ आत शिरत नाही, परावर्तक काळवंडत नाही, गोळा गेला की अख्खा बदलायचा. या ७ इंचांच्या गोल मापाने जग व्यापले. भारतातील जीप आणि अँबॅसडर त्याच मापाच्या तोंडाने धावल्या. जुन्या गाडीत आजही नवा दिवा सहज बसतो, त्याचे कारण शतकाच्या मध्यावर ठरलेले हे माप आहे.

११/ दौंडच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तेथे १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाची गाडी बाहेर पडली. या भागातील रात्रीच्या रस्त्यावर जे दोघे एकमेकांसमोर येतात, ती उसाची गाडी आणि ती मोटार, त्या दोन्ही उद्योगांच्या आरंभकर्त्यांत एकच नाव आहे. दोन उद्योग उभे राहिले. त्या दोघांची अंधारातील गाठ सुरक्षित कशी व्हावी, हे ठरायचे राहून गेले.

१२/ त्या काळची गाडी आतून पाहण्यासारखी होती. जुन्या अँबॅसडरमध्ये डिपरची कळ पायाशी, क्लचच्या डाव्या बाजूला असे. चालक डाव्या पायाने ती दाबी आणि ‘टक्’ असा आवाज होई. वीज डायनॅमोतून येई. डायनॅमोची क्षमता साधारण २० अँपिअरच्या आसपास आणि इंजिन मंद फिरत असताना त्यातून जवळजवळ काहीच मिळत नसे. म्हणून गावाच्या वेशीवर गाडी हळू झाली की दिवेही पिवळे पडत, आणि वेग घेतला की पुन्हा उजळत. पुढे अल्टरनेटर आला तेव्हा हा दोष गेला.

१३/ दुसरा दोष मात्र डोळ्यांना न दिसणारा होता. बॅटरीतून निघालेली वीज डॅशबोर्डच्या कळीपर्यंत, तेथून डिपरच्या कळीपर्यंत आणि तेथून पुढे दिव्यापर्यंत अशी लांबचा वळसा घेऊन जाई. तारा बारीक, सांधे गंजलेले, कळीचे आतले पत्रे जळालेले. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा दाब गळे. तारेच्या बल्बचा स्वभाव असा की दाब थोडा घटला तरी प्रकाश फार घटतो. १३.२ व्होल्टवर पूर्ण तेज देणाऱ्या बल्बला ११ व्होल्टच मिळाले, तर प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो. अनेक जुन्या गाड्यांचे ‘दिवे कमजोर’ असतात ते या कारणाने.

१४/ याचे औषध लहानसे आहे: रिले. जुनी कळ तशीच राहते, पण ती आता केवळ इशारा देते. दिव्याची खरी वीज बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमधून, जाड तारेने, सरळ दिव्याकडे जाते. बल्ब न बदलता उजेड वाढतो आणि कळ तापून जळण्याची भीती संपते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आधी मीटर लावून बल्बच्या होल्डरवर किती व्होल्ट पोहोचतात ते पाहतो, नंतर नव्या बल्बची गोष्ट काढतो.

१५/ मधल्या काळात दिवे कमी करण्याचाही एक अध्याय घडला. युद्धकाळात, १९७१ मध्ये, ब्लॅकआउटच्या रात्री मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा करण्यात येई, जेणेकरून उजेड आकाशातून दिसू नये. शांततेच्या काळातही अनेक गाड्यांच्या दिव्यांवर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका दिसे. हेतू समोरच्याचे डोळे वाचवण्याचा. उपाय मात्र ओबडधोबड. दिव्याच्या काचेचा प्रत्येक भाग रस्त्याच्या वेगवेगळ्या जागी प्रकाश टाकतो. रंग फासला की कामाचा उजेडही त्याबरोबर जातो. समस्या ओळखली गेली होती, साधन चुकीचे होते.

१६/ योग्य साधन युरोपात तयार होत होते. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची वाफ काचेवर जमून ती काळी होते. बल्बमध्ये हॅलोजन वायू मिसळला तर ती वाफ पुन्हा तारेकडे परतते. तार अधिक तापवता येते आणि काच स्वच्छ राहते. १९६२ मध्ये एच-१ हा मोटारीचा पहिला हॅलोजन बल्ब आला, पण त्यात तार एकच होती. १९७१ मध्ये दोन तारांचा एच-४ आला. त्यात डिपरच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती प्रकाशाचा खालचा भाग अडवते, त्यामुळे परावर्तकाचा केवळ वरचा अर्धा भाग उजळतो आणि उजेड खाली रस्त्यावर पडतो.

१७/ या वाटीची एक कड तिरपी असते आणि तीत वाहतुकीचा नियम कोरलेला असतो. डिपरच्या प्रकाशाला वर स्पष्ट रेघ असते. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ही रेघ डावीकडे थोडी वर चढते: कडेचा पादचारी, मैलाचा दगड, सायकलस्वार दिसावेत म्हणून. उजवीकडे ती खालीच राहते, कारण तेथून समोरचा येतो. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशासाठी बनवलेला दिवा हे सारे उलट करतो. तो आपल्याकडच्या गाडीला लावला तर उजेड नेमका समोरच्याच्या डोळ्यांत चढतो. स्वस्तात मिळालेला परदेशी दिवा घेताना हे न पाहणारे पुष्कळ.

१८/ एच-४ चा प्रमाणित बल्ब ६०/५५ वॅटचा. पण बाजारात १००/९० वॅटचे बल्बही आले आणि ‘जास्त वॅट म्हणजे जास्त दिसणार’ हा समज पसरला. येथे भूमितीचा एक साधा नियम आड येतो. दुप्पट अंतरावर तितकाच उजेड पाडायचा तर प्रकाशाची तीव्रता चौपट लागते. वॅट दीडपटीने वाढवून दृष्टीची मर्यादा फारशी पुढे सरकत नाही. समोरच्याची तिरीप मात्र लगेच वाढते, होल्डर वितळू लागतो आणि जुन्या तारांवर त्यांना न पेलणारा भार पडतो.

१९/ कायद्यानेही प्रश्न याच बाजूने मांडला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ वा नियम दिवा किती प्रखर हवा हे सांगत नाही. दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील, तो दिपता कामा नये, असे तो म्हणतो. म्हणजे नियमाच्या केंद्रस्थानी चालक नाही, समोरचा माणूस आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भूमिका ठामपणे मांडली. छंद म्हणून गाडी सजवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

२०/ पुढचे टप्पे झपाट्याने आले. १९९१ मध्ये झेनॉन दिवे बीएमडब्ल्यूच्या गाडीवर दिसले आणि नव्या शतकाच्या पहिल्या दशकात एलईडी हेडलाइट आले. आज जुन्या दिव्यात सरळ बसणारे एलईडी बल्ब कोणत्याही गावच्या दुकानात मिळतात. अडचण अशी की जुना परावर्तक एका बारीक तारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचे ठिपके त्या जागेपासून एखादा मिलिमीटर जरी सरकले तरी वरची रेघ विस्कटते. गाडीपुढची २० मीटर जमीन पांढरीशुभ्र दिसते, चालक खूश होतो. दूरचे मात्र आधीपेक्षा कमी दिसते, कारण जवळच्या लखलखाटाने त्याच्याच बाहुल्या आकुंचित झालेल्या असतात.

२१/ एक भौगोलिक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. वाहने आणि त्यांचे भाग नियमांप्रमाणे आहेत की नाहीत हे तपासून प्रमाणित करणाऱ्या मोजक्या मान्यताप्राप्त संस्थांपैकी एआरएआय पुण्यात आहे; तिची स्थापना १९६६ ची. दुसरी, संरक्षण खात्याची व्हीआरडीई, अहिल्यानगरला आहे. या दोन गावांना जोडणारा रस्ता शिरूरवरून जातो. प्रयोगशाळेत प्रकाशाची रेघ अंशांत मोजली जाते. त्याच रस्त्यावर रात्री सरळ डोळ्यांत येणारे दिवे भेटतात. विज्ञान आणि व्यवहार यांच्यातील अंतर किलोमीटरांत मोजायचे झाले, तर ते येथे शून्य आहे.

२२/ हे सारे कशासाठी, तर गाळपाच्या हंगामासाठी. साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वसंताच्या अखेरीपर्यंत शिरूर-दौंडच्या रस्त्यांवर ऊस वाहतो. पाटसचा भीमा आणि आजूबाजूचे खासगी कारखाने, शिवाय दौंड तालुक्यातील गुऱ्हाळे. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर लोंबणारी उसाची टोके आणि त्या टोकांआड झाकलेला मागचा दिवा. शेजारून ऊसतोड कुटुंबाची टायर बैलगाडी. शिरूरहून न्हावरे, पारगाव करीत चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर मध्यरात्री ही वाहने पायी चालण्याच्या वेगाने, जवळजवळ १८१७ च्या वेगाने, चाललेली असतात.

२३/ आता दोन्ही आकडे शेजारी ठेवू. डिपरच्या उजेडात गडद रंगाची वस्तू साधारण ४० ते ६० मीटरांवर दिसू लागते. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी थांबण्यास किमान ७० मीटर लागतात. जुन्या ड्रम ब्रेकच्या गाडीस त्याहून अधिक. त्यात समोरून कोणी अप्पर न उतरवता गेला, तर डोळे सावरण्यास काही सेकंद जातात. तीन सेकंद धरले तरी ताशी ६० च्या वेगाने ५० मीटर अंतर अंधपणे कापले गेले. तेवढ्यात पुढे ट्रॉली असेल तर काय होते, हे या भागातील प्रत्येक गावाला ठाऊक आहे.

२४/ म्हणून या इतिहासातील अतिशय महत्त्वाची सुधारणा मोटारीवर झालीच नाही. १९३४ मध्ये पर्सी शॉ या इंग्रज कारागिराने रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्यां’ची कल्पना आणली: आलेला प्रकाश जेथून आला तेथेच परत पाठवणारी काच. सूक्ष्म काचमण्यांचे परावर्तक पट्टे त्याच तत्त्वावरचे. अशी लाल पट्टी मागे लावलेली ट्रॉली डिपरच्या उजेडातही शेकडो मीटरांवरून चमकते. ना बॅटरी, ना तार. हंगामाच्या आरंभी कारखान्यांच्या आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावले जातात, तेव्हा आसाखालच्या जुन्या कंदिलाचेच काम नव्या रूपात होत असते.

२५/ आता घरातील जुनी पद्मिनी, अँबॅसडर किंवा जीप रात्री चालवण्याजोगी करायची असेल, तर इतिहास एक क्रम सुचवतो. आधी काच आणि परावर्तक: काच धुऊन स्वच्छ, परावर्तक काळवंडला असेल तर बदलावा. मग व्होल्ट मोजावेत आणि गरज असल्यास जाड तार, फ्यूज व रिले. त्यानंतर डावीकडील वाहतुकीसाठी बनवलेला, प्रमाणित, योग्य मापाचा एच-४ दिवा आणि ६०/५५ वॅटचाच बल्ब. ही कामे झाल्यावर बहुतेक गाड्यांना आणखी काही लागत नाही. मूळ दिवा काढण्यापूर्वी बदल नियमांत बसतो की नाही, हे विचारून घ्यावे.

२६/ शेवटचे काम फुकटचे आहे आणि तेच सर्वांत जास्त टाळले जाते: रोख साधणे. सपाट जागेवर गाडी भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. डिपरच्या प्रकाशाची वरची रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली हवी. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल तर ती रेघ रस्त्याला सुमारे ६५ मीटरांवर टेकते. मागच्या आसनावर चार माणसे आणि डिकीत कांद्याची पोती भरली की गाडीचे नाक वर उचलते. अवघा एक अंश उचलला तरी ही रेघ क्षितिजाच्या वर जाते आणि डिपर हा अप्परच होऊन बसतो. म्हणून रोख नेहमीच्या भारासह तपासावा.

२७/ मशालजीपासून एलईडीपर्यंत दोनशे वर्षांत माणसाने काळोखात स्वतःसाठी भरपूर उजेड मिळवला. त्या उजेडाला शिस्त लावण्यास मात्र अधिक बुद्धी खर्च करावी लागली: दोन तारांचा बल्ब, धातूची चिमुकली वाटी, तिची तिरपी कड, परत फिरणारा लाल पट्टा. आज न्हावऱ्याच्या पुढे काळोखात दोन गाड्या समोरासमोर येतात, दोघांचेही दिवे एकाच वेळी खाली झुकतात, आणि त्याच क्षणी दोघांनाही कडेने चाललेली उसाची गाडी दिसते. या साऱ्या इतिहासाने जे कमावले, ते एवढेच आहे. आणि त्या गाडीवर बसलेल्या कुटुंबासाठी ते पुरेसे आहे.

(धागा समाप्त)